तलाव बांधणारे व तलाव राखणारे

विश्वविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत अलीकडे जे नवे विषय दाखल झाले आहेत, त्यांत 'सामाजिक उद्योजकता' हा एक होय. त्याच्या जोडीला 'शाश्वत विकास' हा दुसरा शब्द बहुधा असतोच. व्यापाऱ्याची धडाडी व समाजसेवकाची कळकळ यांची सांगड घालून, सरकारच्या तोंडाकडे न पाहता आणि दानशूरांच्या दारी रोज न जाता, समाजाची एखादी उणीव कायमची भरून काढणारा उपक्रम कसा उभारावा, हे या विषयात शिकवितात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ साली त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसंपर्क व प्रत्यक्ष क्षेत्रकार्य यांस पदवीच्या अभ्यासात जागा दिली, आणि मोठ्या शहरांतला हा विषय आडगावच्या महाविद्यालयांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला. विषय चांगला आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. जो तरुण केवळ नोकरीच्या अर्जांवर सही करण्यासाठी पदवी घेतो त्याला 'तूही काही उभारू शकतोस' असे कोणी सांगणे हे केव्हाही इष्टच.

परंतु या विषयाची पाठ्यपुस्तके चाळली म्हणजे एक गोष्ट खटकते. त्यांतील नायक बहुधा दूरचे असतात. बांगला देशातील महंमद युनूस व त्यांची ग्रामीण बँक, ज्यांस २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ही कथा सर्वत्र आढळते. १९८० साली 'अशोका' ही संस्था काढणारे अमेरिकेचे बिल ड्रेटन यांचेही नाव येते. ही माणसे थोर आहेत. तथापि गोंदियाचा किंवा अर्जुनी मोरगावचा विद्यार्थी ही चरित्रे पाठ करून सुटीत घरी जातो तेव्हा वाटेत ज्या तलावाच्या पाळीवरून तो चालत जातो, तो तलाव म्हणजे त्याच शास्त्राचा एक भला थोरला ग्रंथ आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. या लेखात तो ग्रंथ थोडासा उघडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

गोंदिया जिल्हा हा नवा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. प्रदेश मात्र जुना. वैनगंगेच्या खोऱ्यातला, सातपुड्याच्या व पूर्वेकडील डोंगरांच्या पायथ्याचा, धानाचा. येथे पाऊस थोडा पडतो असे कोणी म्हणणार नाही; पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याने पाहिला तर हेवा करावा इतका तो पडतो. मग येथे इतके तलाव का? याचे उत्तर धानाच्या स्वभावात आहे. जुलैत पऱ्हे उपटून रोवणी करावयाची तेव्हा बांधीत पाणी उभे हवे, आणि आश्विनात लोंब्या भरू लागल्या म्हणजे पुन्हा एकदा पाणी हवे. नेमका त्या वेळी हस्ताचा पाऊस चुकला तर तीन महिन्यांच्या मुसळधार वर्षावाचा काही उपयोग नाही. वर्षाला भरपूर पाऊस पडूनही शेवटच्या दोन इंचांसाठी पीक जाते. मोठा तलाव असो की शेतालगतची लहान 'बोडी' असो, तिचे मुख्य काम हे शेवटचे पाणी देणे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सुमारे ६८०० मोजले गेले आहेत. त्यांतील १४०० च्या आसपास एकट्या गोंदियात आहेत. सरकारदप्तरी त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' असे सुटसुटीत रूप केले आहे. नाव गोड आहे. परंतु ते खरे नाही. हे तलाव मालगुजारांच्या हाती कसे आले ते पुढे सांगू. त्यांतील पुष्कळ मालगुजारीच्या आधीचे आहेत.

चांद्याच्या गोंड राजांपैकी हीरशहा याच्याविषयी अशी प्रसिद्धी आहे, की जो रान तोडून शेत करील त्याला ते शेत, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी सगळी, अशी त्याने द्वाही फिरविली. तलाव बांधणाऱ्यास मिळणाऱ्या अशा इनामाला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरालगत त्या नावाची वस्ती आजही आहे. ही सवलत ज्यांनी सर्वांत अधिक उचलली ती जात म्हणजे कोहळी. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कोहळ्यांची दंतकथा दिली आहे: चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील लोकांचे पाणी अडविण्याचे कसब पाहून त्याने काही कुटुंबे आपल्या राज्यात आणून वसविली. दंतकथेतील काशी कितपत खरी हे सांगणे कठीण. राजाने कसबी माणसे हेरली व जमीन देऊन टिकविली एवढा तिचा गाभा विश्वसनीय वाटतो. ऊस लावावा तो कोहळ्याने व तलाव बांधावा तोही कोहळ्याने, अशी या मुलखात त्यांची ख्याती होती.

त्यांच्या कसबाचा सर्वांत मोठा नमुना नवेगाव बांध हा होय. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे सांगतात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी त्याचा घेर १७ मैलांचा नोंदला आहे. दुर्बीण नाही, समतलयंत्र नाही, कागदावर काढलेला नकाशा नाही; अशा स्थितीत चहूकडच्या टेकड्यांमधील नेमक्या खिंडी हेरून तेवढ्याच बुजविल्या, आणि डोंगरांनाच पाळीचे काम करावयास लावले. थोडक्या मातीत एवढे पाणी अडविणे ही नजर सामान्य नव्हे. भोवतालच्या टेकड्यांना लोक 'सातबहिणी' म्हणतात. या सात देवता कोलू पाटलाच्या बहिणी असून बांधाच्या कामी त्यांनी त्याला साह्य केले, अशी समजूत आहे, आणि खुद्द कोलू पाटील मरणोत्तर 'कोलासुर देव' होऊन तेथल्याच एका शिखरावर बसला. कारागिराचा देव झाल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. सेनापती व संत यांची देवळे आपण पुष्कळ बांधतो. पाटबंधारे करणाऱ्याच्या वाट्याला शेंदूर क्वचित येतो.

आता या व्यवहाराकडे जरा हिशेबी नजरेने पाहू. राजाने रोख काहीच दिले नाही. पडीत रान त्याचे होते. त्यातले काही त्याने बांधणाऱ्यास दिले, आणि भोवती वस्ती वाढून जो सारा येऊ लागला तो त्याचा निव्वळ लाभ. बांधणाऱ्यास जे मिळाले ते इनाम पाण्याला बांधलेले होते. तलाव फुटला की इनामाची जमीन कोरडी. कोरडी जमीन म्हणजे रिकामे कोठार. त्यामुळे तलाव एकदा बांधून, सोहळा करून, निघून जाण्याची सोयच त्या करारात ठेवलेली नव्हती. स्वतःचे हित व लोकांचे हित एकाच पाळीवर उभे केलेले होते. हल्लीच्या उद्योजकतेच्या वर्गात 'उत्पन्नाचा स्रोत उपक्रमाच्या आतच हवा' असे जे सूत्र शिकवितात ते गोंड राजास ठाऊक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे तलाव बहुधा एकेकटे नाहीत. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्यात, अशी एकेका ओढ्यावर त्यांची माळ आढळते. अर्थात वरच्या गावाने पाळ ढिली ठेवली तर खालच्या गावाची झोप उडे. शेजाऱ्याचे काम चांगले व्हावे अशी इच्छा धरावयास लावणारी याहून चांगली युक्ती कोणती असेल?

बांधण्याची कथा येथवर आली. राखण्याची कथा तितकी देखणी नाही, आणि म्हणूनच ती कोणी सांगत नाही. दरवर्षी पाळीवर माती चढवावी लागे, उंदरांची व खेकड्यांची बिळे बुजवावी लागत, सांडव्याची डागडुजी करावी लागे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ उपसून बैलगाड्यांनी बांध्यांत नेत. त्याने तलाव खोल राही व शेताला खत मिळे. मागे सरणाऱ्या पाण्याच्या कडेने गाळपेर होई. पाणी सोडण्याच्या दिवसांत कोणाच्या बांधीस आधी व कोणाच्या मागून, याची रीत ठरलेली असे, आणि ते पाणी वाटून देणारा माणूस गावाने नेमलेला असे. तलावातील मासे हे ढिवरांच्या उपजीविकेचे साधन. शिंगाडा व कमळकंद काढणारेही तेच. म्हणजे एकाच पाण्यावर शेतकरी, मासे धरणारा, गुरे पाजणारा व कपडे धुणारी बाई अशा किती तरी जणांचे निरनिराळे हक्क एकमेकांवर रचलेले होते, आणि ते हक्क चालावेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर काही ना काही काम होते.

इंग्रजी राज्यात या रचनेवर एक नवे छत आले. भोसल्यांच्या अमदानीत गावचा वसूल गोळा करणारे जे पाटील होते, त्यांस १८६० नंतरच्या जमाबंदीत गावाचे मालक ठरविण्यात आले, तेच मालगुजार. तलाव त्यांचे झाले. मात्र गावच्या जुन्या रीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या लेखात नोंदल्या जात, व त्यांत पाण्याच्या हक्कांचीही नोंद असे. त्यामुळे मालकी मालगुजाराची व पाणी गावाचे असा एक तोल राहिला. या काळाचे गोडवे गाणारे लोक आम्हांस भेटतात. मालगुजार होता तोवर तलाव होते, असे ते म्हणतात. हे अर्धे खरे आहे. पाळीवर माती कोणी टाकली, हे विचारले म्हणजे उरलेले अर्धे बाहेर पडते. ती पुष्कळदा वेठीने टाकलेली असे. पाण्याच्या पाळीत कुळाचा क्रम मालकाच्या मर्जीप्रमाणे लागे, आणि ज्या गोंड कुटुंबांच्या राजाने ही सारी रीत घालून दिली ती कुटुंबे अनेक गावांत भूमिहीन मजूर होऊन बसली. जुन्या व्यवस्थेचे शास्त्र शिकावे. तिची आरती करू नये.

पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली; ३१ मार्च १९५१ पासून ज्या तलावांच्या पाण्यावर गावाचा हक्क होता ते सरकारजमा झाले. कायदा न्याय्य होता, व तो फार उशिरा आला असेच आम्ही म्हणू. परंतु त्याने मालक काढला आणि मालकाच्या जागी राखणदार नेमावयाचे राहून गेले. त्यानंतरची बारा वर्षे पाहा. १९५१ साली हा मुलूख मध्यप्रदेशात होता. १९५६ साली मुंबई राज्यात गेला. १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन लहान तलाव त्यांच्या स्वाधीन झाले. एका तपात तलावांनी इतके धनी पाहिले. त्यातच पाणीपट्टीचा वाद. पाणी आमच्या वडिलोपार्जित हक्काचे, त्याला पट्टी कसली, असे गावकरी म्हणत. आणि पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कोठून, असे सरकारी खाते म्हणे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि या दोन खऱ्यांच्या मध्ये तलाव गाळाने भरत गेला. कडेला 'बेशरम' माजली. काठच्या जमिनीवर हळूहळू नांगर आत सरकू लागला. इटियाडोहसारखी मोठी धरणे झाली तेव्हा लहान तलावांकडे पाहण्याची गरजच काय, असेही पुष्कळांस वाटू लागले. ज्यांच्या शेतास मोठ्या कालव्याचे पाणी पोहोचत नव्हते त्यांस तसे वाटले नाही. पण त्यांस कोण विचारतो?

जगात इतरत्र या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषींनी सामाईक जंगले, कुरणे व कालवे पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या लोकांचा अभ्यास करून १९९० साली एक ग्रंथ लिहिला, आणि २००९ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पेनमधील व्हॅलेन्शिया शहरी शेतकऱ्यांनीच निवडलेले एक पाण्याचे न्यायासन शतकानुशतके चालत आले आहे. दर गुरुवारी दुपारी तेथील मोठ्या देवळाच्या दाराशी ते बसते आणि कालव्याच्या तंट्यांचा निकाल तोंडी देते. ऑस्ट्रम यांनी या कालव्यांचाही विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा, की सामाईक वस्तू नासते ती सामाईक आहे म्हणून नव्हे. तिच्यावर हक्क कोणाचा, तिच्यासाठी काम कोणाचे, व चुकणाऱ्यास टोकणार कोण, हे ठरलेले नसते म्हणून. आपल्याकडे धुळे व नाशिक भागांतील फड पद्धती याच कसोटीला उतरते. नवेगावच्या तलावाविषयी व्हॅलेन्शियाइतके लिहिले गेले असते तर त्याचाही दाखला सर्वत्र दिला गेला असता, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आणि येथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. भंडाऱ्याकडील मुले पूर्वी नागपुरास जात. तेथे १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले आणि १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. गावाकडून जाणारी वाट त्या विद्येने चांगली बांधली. गावाकडे येणारी वाट बांधण्याचे काम तिने केले नाही. नागपूरच्या पलीकडे वर्ध्यास मात्र एका निराळ्या विद्येचा प्रयोग चालू होता. जे. सी. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे. लंडनला हिशेबतपासनिसाची परीक्षा दिलेले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. गांधीजींशी १९२९ साली गाठ पडल्यावर ते गुजरात विद्यापीठात शिकवू लागले, आणि तेथील विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. मुले गावोगाव राहिली. प्रत्येक घरची मिळकत, कर्ज, गुरे, खर्च यांची नोंद झाली. ती पाहणी १९३१ साली पुस्तकरूपाने निघाली. या देशातील अर्थशास्त्राच्या अध्यापनातील तो एक मोठा दिवस, असे आमचे मत आहे; कारण विद्यार्थ्याने दारिद्र्यावर निबंध लिहिण्याऐवजी दारिद्र्याचा जमाखर्च लिहिला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला व कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. पुढे १९३८-३९ च्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने प्रांतातील उद्योगधंद्यांच्या पाहणीसाठी जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते, आणि त्या समितीने सहाशेहून अधिक खेडी तपासली. भंडारा जिल्हा, म्हणजे आजचे गोंदियाही, त्या वेळी याच प्रांतात होते.

कुमारप्पांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक स्थायी अर्थव्यवस्थेविषयीचे. ते त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिले, आणि १९४५ च्या सुमारास ते बाहेर आले. जबलपूर गोंदियाशी तेव्हा अरुंद रूळांच्या सातपुडा रेल्वेने जोडलेले होते. 'शाश्वत विकास' हा शब्द ज्या ब्रुंटलांड समितीच्या अहवालामुळे जगभर झाला तो अहवाल १९८७ चा. त्याच्या चाळीस वर्षे आधी, एका प्रांतीय तुरुंगात बसून एक हिशेबनीस हेच विचारीत होता, की निसर्गाच्या मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगणारी अर्थव्यवस्था कशी असावी. आमच्या विद्यार्थ्यांस ब्रुंटलांड बाईंचे नाव ठाऊक असते, कुमारप्पांचे नसते. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे.

गोंदियापुरते पाहावयाचे तर तेथील उच्च शिक्षण अलीकडचे आहे. मनोहरभाई पटेल या विडीच्या व्यापारातील गृहस्थांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. त्यांचे स्वतःचे शिक्षण चार इयत्तांपलीकडे गेले नव्हते. त्या संस्थेने जिल्ह्यात शाळांचे व महाविद्यालयांचे जाळे विणले, आणि तेंदूची पाने वळणाऱ्या घरांतली मुले पदवीधर झाली. व्यापारात मिळविलेला पैसा शाळांत घालणे हाही सामाजिक उपक्रमच, आणि विद्यार्थी रोज त्याच्याच छपराखाली बसतात; त्याचाही अभ्यास कोणी वर्गात घेतल्यास आम्हांस कौतुक वाटेल.

मध्यंतरी पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे झाले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला, पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. हेतू उत्तम. परिणाम मात्र पुष्कळ ठिकाणी एवढाच झाला, की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक प्रकल्पवही मुलांच्या हातोहात फिरते आणि ओझोनच्या थराचे तेच चित्र दरवर्षी नव्या रंगांनी रंगविले जाते. ओझोनच्या थरास भोक पडले हे मुलास कळते. आपल्या गावच्या पाळीस पडले हे कळत नाही. सामाजिक उद्योजकतेचे शिक्षण याच वाटेने जाईल अशी भीती आम्हांस वाटते. अजून वेळ गेलेली नाही.

निराळ्या वाटेने कसे जाता येते याचा एक पुरावा नवेगावच्याच काठावर आहे. मारुती चितमपल्ली हे वनखात्यातील अधिकारी. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात त्यांचे रीतसर शिक्षण झाले होते. नवेगाव बांधास त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली, आणि तेथे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून व तळ्याकाठच्या माणसांकडून पक्ष्यांची, माशांची व पाणवनस्पतींची जी विद्या मिळविली ती मराठी वाचकांस त्यांच्या लेखनातून परिचित आहे. माधवराव हे त्याच गावचे पाटील. १९७५ साली तेथे जे राष्ट्रीय उद्यान झाले त्यामागे त्यांची खटपट होती. पदवीधर अधिकारी शिष्य आणि गावचा पाटील गुरू, ही उलटी जोडी फलद्रूप झाली. चितमपल्ली २००६ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२५ साली ते वारले.

दुसरा पुरावा आजचा आहे, आणि त्यात कोणी अध्यक्ष झाले नाही. ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. मध्यंतरी सरकारी सल्ल्याने त्यांनी रोहू, कटला यांसारख्या मोठ्या माशांचे बीज सोडण्यावर भर दिला. देशी लहान मासे व ज्या पाणवनस्पतींत ते अंडी घालतात त्या वनस्पती मागे पडल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने अर्जुनी मोरगावच्या बाजूस ढिवरांबरोबर बसून कोणत्या तलावात पूर्वी काय होते याची आठवण जुळविली. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढावयाची, तळाचा काही भाग नांगरावयाचा आणि पावसाच्या तोंडावर चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती त्यात लावावयाच्या, असा क्रम सुरू झाला. त्यात ढिवर स्त्रिया पुढे होत्या, ही गोष्ट विशेष. ज्या तलावांत हे झाले तेथे देशी मासळी परतू लागली. येथे पाहण्याजोगे हे, की नवीन काहीच शोधलेले नाही. यंत्र नाही, मोठे भांडवल नाही. विसरलेली राखण पुन्हा हाती घेतली इतकेच. याला उद्योजकता म्हणावयाचे की नाही, यावर विद्वान वाद घालोत. ज्या घरी मासे येतात त्या घरी हा वाद नाही.

म्हणून आमची सूचना थोडकी आहे. वर्गात विद्यार्थ्यांकडून काल्पनिक उपक्रमाचे आराखडे लिहवून घेतात. त्याऐवजी पदवीच्या तीन वर्षांसाठी चार-पाच मुलामुलींच्या हाती एक तलाव द्यावा. पहिल्या वर्षी त्यांनी त्याचे कागद शोधावेत: जुना वाजिब-उल-अर्ज, मालगुजारी गेल्यावर झालेले निस्तारपत्रक, जिल्हा परिषदेच्या दुरुस्तीची बिले. त्या कागदांत पाण्याचा हक्क कोणाच्या नावे आहे, व कोणाच्या नावे असावयास हवा होता पण नाही, हे एकदा वाचले म्हणजे समाजशास्त्राची अर्धी पुस्तके वाचल्यासारखे होईल. मग गाळ मोजावा, बांध्या मोजाव्या, मासेमारांच्या संस्थेची वही त्यांच्या परवानगीने समजून घ्यावी. कोणास वाटेल की हे काम हिशेबनिसाचे झाले, यात उद्योजकाचे तेज कोठे आहे? कुमारप्पा हिशेबनीसच होते. उपक्रम काढणारे दरसाल पुष्कळ निघतात. सरकारी योजनाही निघतात; तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याची अलीकडची योजना तर जुनीच रीत नव्या नावाने आली आहे, आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु गाळ काढून झाल्यावर चौथ्या वर्षी पाळीवर कोण जाणार, हा प्रश्न ज्याने विचारला असा विद्यार्थी अजून थोडका आहे.

या सूचनेत एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. तलावाची सारी रीत डोळ्यांनी पाहावयाची असेल तर आश्विनात पाळीवर उभे राहिले पाहिजे. त्या आठ-पंधरा दिवसांतच मोरी उघडते, पाळ्या लागतात, वरच्या बांधीवाल्याचे व खालच्या बांधीवाल्याचे भांडण होते व मिटते. आणि नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास सुरू होतात. कोलू पाटलाच्या तलावास वेळापत्रक बदलता येत नाही, विद्यापीठास येते.